चित्रांची मात्रा आणि पथ्यपाणी

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेख मागितला, तेव्हा क्ष-किरणतज्ज्ञाने क्ष-किरणांवरच लिहावे अशी त्यांची रास्त अपेक्षा असणार. तेहेतीस वर्षे बेळगावात सावल्यांची छायाचित्रे पाहण्यात घालवल्यानंतर त्या विषयावर चार पाने लिहिणे मला अवघड नव्हते. तरीही मी संकेतस्थळावरील चित्रांवर लिहितो आहे. या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका चुकीने मला तिकडे वळवले, आणि ती चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, माझीच होती.

गोष्ट २०२३ च्या ऑगस्ट महिन्यातली. खानापूर तालुक्यात, लोंढ्याच्या पलीकडे जंगलात वसलेल्या एका खेड्यातील शाळेचे गुरुजी आईची छाती तपासून घेण्यासाठी माझ्याकडे आले होते. म्हातारीला जुना दमा. फिल्म बघून झाली, बोलणे झाले, आणि उठता उठता गुरुजी सहज म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मागच्या महिन्यात तुमची फार आठवण काढली. रात्री आईचा दमा उसळला. तुमच्या मंडळाच्या कॅलेंडरावर छापलंय ना, रात्री अडचण आल्यास डॉक्टरांची यादी संकेतस्थळावर पाहावी. म्हणून फोनवर उघडलं. तुमचा फेटा तेवढा आला बघा. तोंड काही आलं नाही. यादी तर लांबच."

ते हसले. मीही हसलो. मग विचारले, पुढे काय केलेत? पुढे असे झाले की त्यांनी पंधरा-वीस मिनिटे फोन हातात धरून अंगणात, मग शाळेच्या पायरीवर, जिथे थोडी रेंज मिळते तिथे, वाट पाहिली. रुग्णवाहिका यायला वेळ लागणार होता. अखेर त्यांनी शेजारच्या वडापवाल्याला उठवले, आईला जीपमध्ये घातले आणि पावसातून थेट बेळगाव गाठले. म्हातारीला दोन दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. ती वाचली, म्हणून ही गोष्ट ते मला हसत सांगू शकले.

मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण त्यांची जीप खानापुरातूनच गेली होती. आणि त्या रात्री खानापुरात आपल्याच मंडळाचा एक तरुण डॉक्टर प्राणवायूचे सिलिंडर आणि नेब्युलायझर घेऊन रात्रपाळीला जागा होता. त्याची पाळी मीच लावली होती. त्याचे नाव आणि फोन नंबर आमच्या संकेतस्थळावर होता. फक्त तो माझ्या फेट्याच्या खाली होता.

चूक कशी घडली

मंडळाचे संकेतस्थळ माझ्या देखरेखीखाली होते. मुखपृष्ठावर वार्षिक समारंभाची सात छायाचित्रे होती. त्यांतले पहिले माझ्याच सत्काराचे: शाल, श्रीफळ आणि फेटा. क्ष-किरणतज्ज्ञाच्या अंगवळणी पडलेला नियम असा की प्रतिमेत काही कमी करायचे नाही. म्हणून कॅमेऱ्यातून निघाली तशीच, प्रत्येकी सुमारे ४ एमबीची, ती छायाचित्रे मी चढवायला लावली. त्यांच्या खाली रात्रसेवेची यादी. ती टंकलिखित नव्हती. शिक्का आणि सही असलेल्या कागदाचे स्कॅन होते, आणि 'पीएनजी सर्वांत उत्तम' असे कुठेतरी वाचले असल्यामुळे मी ते पीएनजीमध्ये ठेवायला सांगितले होते. त्या एका पानाचे वजन ११ एमबी होते. मंडळाचे बोधचिन्ह आणखी १ एमबी. एकूण ४० एमबी.

माझ्या दवाखान्यातल्या वेगवान जोडणीवर हे सारे दोन-तीन सेकंदांत उघडत असे, त्यामुळे कधी शंकाच आली नाही. पण हिशेब करून पाहा. ४० एमबी म्हणजे ३२ कोटी बिट. जंगलातल्या गावात, मुसळधार पावसात, फोनला सेकंदाला दोन लाख बिट मिळाले तरी नशीब. ३२ कोटी भागिले २ लाख म्हणजे १६०० सेकंद, अर्थात जवळजवळ सत्तावीस मिनिटे. दम्याच्या झटक्यात सत्तावीस मिनिटे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको.

गणेश चतुर्थीला मुलगा आणि सूनबाई पुण्याहून आले. सूनबाई संगणकक्षेत्रात काम करतात. मी घडले ते सांगितले. त्यांनी आमचे पान उघडले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्ही लोक औषधाची मात्रा पेशंटचं वजन बघून ठरवता ना? मग सगळ्यांना एकच डोस कसा दिलात?" पुढच्या तीन संध्याकाळी त्यांनी मला जे शिकवले, त्याचे सार येथे मांडतो.

ठिपक्यांची रांगोळी

अंगणातली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. संगणकावरील छायाचित्र म्हणजे तशीच रांगोळी, फक्त ठिपके अगणित. साध्या फोनचा कॅमेरा आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके टिपतो, म्हणजे १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. म्हणजे मूळ चित्राचे वजन ३६ एमबी. कॅमेरा ते आपल्या हाती देण्यापूर्वीच दाबून ४ एमबीपर्यंत आणतो.

आता दुसरी बाजू पाहा. सामान्य फोनच्या पडद्याची रुंदी साधारण एक हजार ठिपक्यांची असते. चार हजार ठिपके रुंदीचे चित्र पाठवले तरी पडदा एक हजारच दाखवणार. उरलेले वाटेत वेळ खाऊन, पैसे खाऊन, वाया जाणार. रुंदी ४००० वरून १००० आणि उंची ३००० वरून ७५० केली, की ठिपके सोळाव्या हिश्शावर येतात. पाहणाऱ्याला मात्र काहीही कमी झाल्याचे जाणवत नाही. पाहुण्याला पेलाभर पाणी हवे असताना दारात टँकर उभा करायचा नसतो. चित्राचा प्रकार कोणता, हा प्रश्न नंतरचा. आधी आकार. सर्वांत मोठी बचत येथेच होते, आणि बहुतेक लोक नेमके हेच विसरतात.

जेपीईजी: डोळ्याला ओळखणारा प्रकार

छायाचित्रांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे जेपीईजी. त्याचे मानक १९९२ साली ठरले. त्याची युक्ती आपल्या शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्षातली आहे. आपला डोळा उजेड-अंधाराचे बारकावे जितके टिपतो तितके रंगाचे टिपत नाही. म्हणून जेपीईजी चित्राची फाळणी करतो: एकीकडे प्रकाशमान, दुसरीकडे रंग. प्रकाशमान प्रत्येक ठिपक्याचे ठेवतो, आणि रंग बहुधा चार-चार ठिपक्यांना मिळून एकच. एवढ्यानेच निम्मे वजन उतरते.

मग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोन हा निरनिराळ्या लहरींची बेरीज आहे असे समजून त्या लहरींचे प्रमाण काढले जाते. संथ लहरी म्हणजे गाल, आकाश, भिंत. शीघ्र लहरी म्हणजे केस, पोत, कडा. शीघ्र लहरींतली बारीकशी चूक डोळ्याला कळत नाही, म्हणून त्यांचे आकडे ढोबळ केले जातात, पुष्कळसे शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला जागा लागत नाही. किती ढोबळ करायचे, ती मात्रा आपण ठरवायची. तिलाच 'क्वालिटी' म्हणतात.

या लहरींच्या गणिताचे नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. ते सुचले नासिर अहमद यांना. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्या बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले आणि पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले, ते नाकारले गेले. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा असल्याची आठवण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. आज जगातल्या कोणत्याही फोनमधले जेपीईजी छायाचित्र याच सोप्या कल्पनेवर उभे आहे.

मात्रेबाबत सूनबाईंनी माझी परीक्षाच घेतली. माझ्या सत्काराच्या त्याच छायाचित्राच्या हजार ठिपके रुंदीच्या चार प्रती, क्वालिटी ९५, ८०, ६० आणि ३०, नावे झाकून पडद्यावर मांडल्या. तेहेतीस वर्षे करड्या छटांतले फरक ओळखून पोट भरणाऱ्या मला ३० ची प्रत चटकन ओळखता आली. चेहऱ्याभोवती चौकोनी डाग दिसत होते. ६० ची ओळखायला वेळ लागला. ९५ आणि ८० मधला फरक मात्र तीन वेळा पाहूनही सांगता आला नाही. ९५ ची प्रत ३१० केबीची होती, ८० ची १३०. जे मला दिसत नव्हते त्यासाठी मी लोकांना दुपटीहून अधिक भार वाहायला लावत होतो.

आणि फेट्याचे रहस्य? साधे जेपीईजी वरून खाली, ओळीओळीने उतरते. म्हणून गुरुजींना फेटा दिसला आणि कपाळावर चित्र थांबले. 'प्रोग्रेसिव्ह' नावाच्या दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण चित्र आधी धूसर येते आणि हळूहळू स्पष्ट होते. वाट पाहणाऱ्याला निदान काय येते आहे ते कळते.

पीएनजी, एसव्हीजी आणि नवे प्रकार

जेपीईजी काहीतरी टाकून देतो. पीएनजी काहीही टाकत नाही, आणि त्याच्या जन्माची कथाही रंजक आहे. १९८७ साली आलेला जीआयएफ हा प्रकार फार लोकप्रिय होता, परंतु तो केवळ २५६ रंग जाणतो. त्यातल्या संक्षेपपद्धतीवर एका कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस त्यासाठी शुल्क मागितले जाणार असे जाहीर झाले, तेव्हा अनेकांनी एकत्र येऊन मुक्त पर्याय घडवला. तो पीएनजी. १९९६ साली त्याला मान्यता मिळाली.

पीएनजी पुनरावृत्ती शोधतो. एकाच रंगाचा सपाट भाग, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, आलेख, पडद्याचे चित्र, रेघा, अक्षरे यांचे वजन तो उत्तम कमी करतो आणि कडा धारदार ठेवतो. पण आमच्या यादीचा कागद स्कॅन केलेला होता. कागदाचे 'पांढरे' हे डोळ्याला एकच वाटते. यंत्राला मात्र प्रत्येक ठिपका किंचित वेगळा दिसतो. पुनरावृत्तीच नाही, मग संक्षेप कशाचा होणार? पीएनजीने कागदाचा प्रत्येक तंतू इमानाने जपला आणि ११ एमबीचा डोंगर उभा केला. उत्तम औषधही चुकीच्या रोगाला दिले तर काय होते, याचा हा नमुना.

बोधचिन्हासाठी तिसराच प्रकार योग्य. एसव्हीजीमध्ये ठिपके नसतातच. 'येथून तेथवर रेघ, ह्या केंद्राभोवती वर्तुळ' अशी वर्णने असतात. चिन्ह टपालतिकिटाएवढे करा नाहीतर व्यासपीठावरील फलकाएवढे, कडा तशाच राहतात. आमचे १ एमबीचे बोधचिन्ह नव्याने रेखाटून घेतल्यावर ९ केबीचे झाले.

नव्या पिढीतले दोन प्रकार वाचकांनी लक्षात ठेवावेत. दोन्ही चलच्चित्रांच्या संक्षेपविद्येतून जन्मले. वेबपी गूगलने २०१० साली पुढे आणला. तितक्याच दर्जाच्या जेपीईजीपेक्षा तो २५ ते ३४ टक्के हलका असतो, असे गूगलचे म्हणणे. अॅपलच्या सफारी ब्राउझरने तो २०२० साली स्वीकारला आणि त्यानंतर तो निःशंकपणे वापरण्याजोगा झाला. एव्हीआयएफ हा २०१९ चा. तो पुष्कळदा वेबपीहूनही हलका. क्रोमने २०२० साली, फायरफॉक्सने २०२१ साली आणि सफारीने २०२२ साली तो स्वीकारला. मात्र तो तयार करायला संगणकाला अधिक वेळ लागतो, आणि जुन्या फोनवर तो उघडत नाही. यावर तोडगा असा की पानावर एकाच चित्राच्या दोन-तीन आवृत्त्या ठेवाव्यात. ब्राउझर आपल्याला पेलेल ती निवडतो आणि काहीच जमले नाही तर जेपीईजी उघडतो. आमच्या छायाचित्रांची वेबपी आवृत्ती प्रत्येकी सुमारे ९० केबीची झाली.

आयफोन वापरणाऱ्या सदस्यांसाठी एक सूचना. २०१७ पासून आयफोन छायाचित्रे एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो. तो फोनमध्ये जागा वाचवतो, पण बहुतेक ब्राउझरांत उघडत नाही. चढवण्यापूर्वी त्याचे रूपांतर करून घ्यावे.

अक्षरांचे चित्र करू नये

खरा दोष मात्र यादीच्या स्कॅनमध्ये होता, आणि तो केवळ वजनाचा नव्हता. आपल्या पिढीने मराठी मजकूर चित्ररूपात ठेवण्याची सवय लावून घेतली, त्याला कारण होते. डीटीपीच्या काळात प्रत्येक मराठी टंकाची आपापली सांकेतिक भाषा होती. तो टंक समोरच्या संगणकावर नसेल तर 'मराठी' हा शब्द इंग्रजी चिन्हांचा कचरा होऊन दिसे. त्यामुळे मजकुराचे चित्र काढून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग वाटे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले, आणि आज कोणताही साधा फोन युनिकोड मराठी दाखवतो. कारण संपले, सवय उरली.

चित्रातला फोन नंबर बोट टेकवून लावता येत नाही. तो शोधयंत्राला नीट सापडेलच असे नाही. दृष्टी अधू असलेल्या माणसाला त्याचा फोन तो वाचून दाखवत नाही. आणि जेपीईजीत टाकला तर अक्षरांच्या कडेला डासांच्या थव्यासारखे ठिपके उठतात, त्यात ८ आणि ३ यांची गल्लत होऊ शकते. आमची ११ एमबीची यादी टंकलिखित केल्यावर ६ केबी भरली. त्या सही-शिक्क्यासाठी मी सुमारे अठराशे पट भार वाहवत होतो.

औषधयोजना

स्वतःच्या रुग्णालयाचे किंवा संस्थेचे संकेतस्थळ असलेल्या सदस्यांसाठी ही चिठ्ठी लिहून देतो:

१. तातडीची माहिती, म्हणजे फोन नंबर, पत्ता, वेळा, नेहमी अक्षरांत आणि सर्वांत वर ठेवावी.

२. छायाचित्र आधी पडद्याच्या मापाचे करावे. पानभर रुंदीसाठी हजार ते सोळाशे ठिपके पुरेत. छोट्या चौकटीसाठी चारशे.

३. छायाचित्रास वेबपी किंवा एव्हीआयएफ, सोबत जेपीईजी. क्वालिटी ७५ ते ८० पासून सुरुवात करून डोळ्याने तपासावे.

४. बोधचिन्ह आणि साध्या आकृतींस एसव्हीजी. पडद्याचे चित्र आणि रेघांचे आलेख यांस पीएनजी.

५. खाली असलेली चित्रे वाचक तिथवर पोचल्यावरच मागवली जावीत, अशी सोय करावी. पहिल्या पडद्यावरील मुख्य चित्राला मात्र ही सवलत लावू नये.

६. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची पानात नोंदवावी. अन्यथा चित्र उशिरा येते, मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडते.

७. मूळ प्रत जपून ठेवावी. जेपीईजी उघडून पुन्हा पुन्हा साठवले की दर वेळी थोडे थोडे झिजते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखे.

या कामाला खर्च नाही. गिम्प किंवा गूगलचे स्क्वूश, कोणतेही साधन चालेल. स्क्वूशमध्ये चित्र आपल्याच संगणकावर दाबले जाते, बाहेर जात नाही. डॉक्टरांना ही गोष्ट महत्त्वाची आहे. मोजमापही सोपे आहे: मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावे, अशी गूगलची चांगल्या पानाची कसोटी आहे. पण खरी कसोटी आपल्या टेबलावर घेऊ नये. सर्वांत जुना फोन घेऊन घाटात उभे राहावे आणि मग पाहावे.

निषेध

प्रत्येक औषधाला निषेध असतो, तसा यालाही आहे. निदानाची प्रतिमा आणि संकेतस्थळाची प्रतिमा या दोन वेगळ्या गोष्टी. सीटी स्कॅनमध्ये १२ बिट, म्हणजे ४०९६ करड्या छटा असतात. नेहमीच्या जेपीईजीत फक्त २५६. म्हणूनच रुग्णालयांसाठी डायकॉम हे स्वतंत्र मानक आहे. ब्रिटन आणि कॅनडातील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थांनी काही तपासण्यांत मर्यादित प्रमाणात टाकून देणारा संक्षेप मान्य केला आहे, पण तो अभ्यास करून, मर्यादा आखून. चॅटवर पाठवलेले छायाचित्र त्या मर्यादा पाळत नाही.

एका तालुक्याच्या गावाहून एका मित्राने मला व्हॉट्सअॅपवर छातीची फिल्म पाठवली होती. मला ती ठीक दिसली. पण रुग्णाचा दम आणि फिल्म यांचा मेळ बसेना, म्हणून मी ती पुन्हा 'डॉक्युमेंट' म्हणून मागवली. त्या मार्गाने पाठवले की चित्र दाबले जात नाही. दुसऱ्या प्रतीत उजव्या फुप्फुसाच्या टोकाशी न्यूमोथोरॅक्सची केसाएवढी रेघ स्पष्ट होती. जेपीईजीसाठी ती शीघ्र लहर होती, म्हणून पहिल्या प्रतीत पुसली गेली. सत्काराच्या छायाचित्रात फेट्याची एखादी जर पुसली गेली तर बिघडत नाही. येथे बिघडते.

याहून चमत्कारिक प्रकार २०१३ साली जर्मनीत उघडकीस आला. डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाला असे आढळले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या बांधकामाच्या नकाशात खोल्यांचे क्षेत्रफळच बदलत होते. कारण होते जेबीआयजी-२ ही संक्षेपपद्धती. ती सारखी दिसणारी अक्षरे शोधून एकाच नमुन्याने छापत असे, आणि त्यात ६ च्या जागी ८ येई. आकडा अस्पष्ट झाला असता तर कोणीही शंका घेतली असती. तो स्वच्छ, सुबक आणि चुकीचा होता. कंपनीने पुढे दुरुस्ती पुरवली. परंतु औषधाच्या मात्रा आणि रक्तचाचण्यांचे अहवाल स्कॅन करून ठेवणाऱ्या आपण सर्वांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

शेवटचे पथ्य गोपनीयतेचे. छायाचित्राच्या पोटात ते कधी, कोणत्या फोनने आणि पुष्कळदा कोणत्या ठिकाणी घेतले, याची नोंद लपलेली असते. फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव आणि वय छापलेले असते. उपचारापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय चढवू नये, आणि संमती असली तरी ही नोंद व हे नाव पुसूनच चढवावे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला आहे. पण आपल्या व्यवसायात ही शपथ त्याहून फार जुनी आहे.

उपसंहार

तीन संध्याकाळींच्या कामानंतर आमच्या पानाच्या चित्रांचे वजन ४० एमबीवरून सुमारे ६५० केबीवर आले. त्याच दोन लाख बिटांच्या जोडणीवर सत्तावीस मिनिटांऐवजी सव्वीस सेकंद. आणि यादीला तेवढीही वाट पाहावी लागत नाही, कारण ती अक्षरांत आहे आणि सर्वांत वर आहे.

मी गुरुजींना फोन केला. म्हटले, रेंज कमी असेल तिथे जाऊन एकदा उघडून पाहा. ते शाळेच्या पायरीवर गेले. मी इकडे घड्याळ धरून बसलो. पाच-सहा सेकंदांनी आवाज आला, "आलं बघा, डॉक्टरसाहेब. नाव आलं, नंबर आला." मग थोडे थांबून म्हणाले, "फेटा कुठं दिसत नाही तो?" म्हटले, "आहे, अगदी खाली आहे. सवडीनं बघा."

त्यानंतर मंडळाच्या बैठकीत मी आणखी एक ठराव मांडला. रात्रसेवेचे नंबर बदलत राहतात म्हणून मीच काही वर्षांपूर्वी कॅलेंडरावरून ती यादी काढून टाकायला लावली होती. ती पुन्हा छापायची. चित्र कितीही हलके केले तरी पावसात मनोरा बंद पडला तर पान उघडणारच नाही. भिंतीवरचा कागद मात्र कंदिलाच्या उजेडातही वाचता येतो. ठराव एकमताने संमत झाला.

सदस्यांना एवढीच विनंती आहे की ही स्मरणिका मिटल्यावर आपापल्या दवाखान्याचे संकेतस्थळ एकदा घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर उघडून पाहावे. पहिल्या पाच सेकंदांत रुग्णाला काय दिसते, आपला फोन नंबर की आपला फेटा, तेवढे तपासावे आणि आवश्यक तर मात्रा बदलावी.